चर्चच्या भिंतीतला डावखुरा

मंडळी, आज सुट्टी होती. आठवडाभर हॉटेलच्या किचनमध्ये कांदे चिरले, तरी सुट्टीला मला खोलीत बसवत नाही. आमच्याच गावच्या वैशालीवहिनी इथे नेदरलँड्समध्येच, फेल्डहोवनला राहतात. म्हणाल्या, "चल मास्ट्रिख्टला, जुनी चर्चं चालत दाखवतात."

ग्रुपमध्ये सगळे शिकलेले. गाईडबाई इंग्रजीत राजे, सनावळ्या सांगत होत्या आणि बाकीचे माना हलवत होते. मी सातवीत शाळा सोडलेली. दुसऱ्या चर्चपाशीच वाटलं, गुपचूप स्टेशन गाठावं.

तिसऱ्या चर्चच्या भिंतीला सहज हात लावला आणि थांबलो. सगळ्या दगडांवर छिन्नीचे घाव एकीकडे तिरके, फक्त चार दगडांवर उलटे. आमचे अप्पा पाथरवट, आणि डावखुरे. त्यांचे दगड असेच दिसतात.

"वहिनी, बाईंना सांगा ना, हे चार दगड डावखुऱ्या माणसाने घडवलेत."

"मी नाही सांगणार. तूच सांग, मोडकंतोडकं चालतं."

सांगितलं, हातवारे करून. बाईंनी चष्मा चढवला, भिंतीला जवळजवळ नाक लावलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं येतेय, हे कधी बघितलंच नाही." मग अख्खा ग्रुप तसले दगड शोधायला लागला. अजून दोन सापडले.

लगेच अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. भिंत बघून म्हणाले, "हात चांगलाय गड्याचा. शेजारी बसणाऱ्याला मात्र रोज ह्याच्या डाव्या कोपराचे ढोसे खावे लागले असतील."

ह्याच कामाला कंटाळून मी घरातून पळालो होतो. आज त्याचाच अभिमान वाटला. तुमच्या घरचं काम तुम्हाला असं कुठे भेटलंय का?