सगळं धड्याप्रमाणे

अंबरपेठच्या एका महिला कॉलेजात माधवीबाईंनी एकोणतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. सत्ताविभाजनाचा धडा त्या पुस्तक न उघडता घेत. अमेरिकेचा अध्यक्ष कितीही मोठा असो, कायदा तिथली संसद करते आणि तो चुकला तर न्यायालय त्याचा हात धरतं, हे सांगताना त्या खरोखरच आपलं मनगट धरून दाखवत. मुली हसत, पण परीक्षेत बिनचूक लिहीत.

त्यांचे यजमान नरहरपंत यांच्या वर्षश्राद्धाला यावं की नाही, हे विचारायला मुलीचा, मानसीचा, अमेरिकेहून फोन आला. व्हिसाबद्दल नवा आदेश निघणार अशी कुणकुण होती. तिच्या ऑफिसात सगळे म्हणत होते, सध्या देश सोडू नका.

"रिस्क वाटतेय गं आई. नेहाला इथं ठेवून यायचं. व्हिडिओवर बसले तर नाही का चालणार?"

"तो अध्यक्ष म्हणजे काय निजाम आहे, मनात आलं की फर्मान काढायला? आणि काढलंच तर कोर्ट स्थगिती देईल. बाबांचं वर्षश्राद्ध आहे. ये तू."

"तू एवढी शुअर आहेस?"

"जन्मभर दुसरं काय शिकवलं मी?"

मानसी आली. चार वर्षांची नेहा बापापाशी राहिली. श्राद्ध झालं आणि दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला: मानसीकडे होता तसल्या व्हिसावरच्या, बाहेर गेलेल्यांना परत प्रवेश नाही.

माधवीबाई डगमगल्या नाहीत. आठव्या दिवशी एका न्यायाधीशानं आदेश थांबवलासुद्धा. त्यांनी लेकीच्या हातावर साखर ठेवली, तिकीट काढायला लावलं. वरच्या कोर्टानं ती स्थगिती उठवली, तेव्हा मानसी विमानतळावर रांगेत उभी होती. बॅगा घेऊन ती आईच्या तारनाक्याच्या घरी परत आली.

मग तोच आदेश थोडा बदलून निघाला, पुन्हा कोर्टात गेला. संसदेतले म्हणत, कोर्टाचा निकाल लागू दे. कोर्ट म्हणे, हा विषय संसदेचा. माधवीबाई रोज सगळं वाचत. कुठंच काही चुकत नव्हतं, सगळं धड्याप्रमाणे चाललं होतं. या सगळ्याला किती दिवस लागतात, हे एकाही मुलीनं कधी विचारलं नव्हतं.

"परेशान नका होऊ, होतंय हळूहळू," शेजारच्या उषाताई म्हणत. पाच महिने झाले. मानसीची नोकरी गेली.

पहिले काही दिवस नेहा फोनवर रडायची. मग गोष्ट सांग म्हणायची. गेल्या रविवारी तिचा बाप फोन घेऊन घरभर तिच्यामागे फिरला, ती टेबलाखालून बाहेर आली नाही. "नॉट नाऊ, लेटर," एवढंच म्हणाली.

मानसीनं फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. माधवीबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"बावीस तारखेला सुनावणी आहे अगं. या वेळी तीन न्यायाधीश..."

"मला नको सांगूस, आई." मानसी वळली नाही. "तुझं बरोबरच असेल. तुझं सगळं बरोबरच असतं."

आणि तिनं नळ मोठा केला.