झेरॉक्सवरची सही

मालनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोसीखुर्द धरणाच्या कालव्यावर काम पाहत होतो. मुकादमाने विचारलं, "कोन गेलं जी?" मी म्हणालो, "लाखनीच्या एक बाई होत्या." ज्यांच्यामुळे माझी ठेकेदारी टिकली, त्यांची ओळख मी एवढीच करून दिली… दीड महिना झाला, ते वाक्य अजून टोचतं.

लाखनीला त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत संगणक होता. आम्हाला कामं देणाऱ्या एका सरकारी कार्यालयाचं काम त्यांच्याकडे असे. आम्हा ठेकेदारांच्या बिलातून कापलेला कर कुणाच्या पॅन नंबरवर जमा झाला, त्याची विवरणपत्रं त्या दर तिमाहीला भरत. भरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ओळ न् ओळ कागदांशी ताडून पाहत. "आता कायले पाह्यता ताई, गेलं ते," असं मी चिडवायचो. "भरतानी घाई रायते जी, चूक मंगच दिसते," असं त्यांचं उत्तर ठरलेलं.

माझी चूक मात्र त्यांना दिसणारच नव्हती. मोठा भाऊ आणि मी, दोघंही ठेकेदार, दोघांची पॅनकार्डं घरी एकाच पाकिटात. घाईत मी भावाच्या कार्डाची झेरॉक्स नेऊन दिली. ती इतकी काळी आली होती की नंबर तेवढा दिसे, नाव वाचता येईना. ताई म्हणाल्या, "अस्सल कार्ड दाखवा ना भाऊ." मी म्हणालो, "माहाच नंबर हाय, टाका," आणि वर सहीसुद्धा ठोकली. वर्षभर माझा कर भावाच्या नावावर जमा होत राहिला. नव्या कामाचं टेंडर निघालं, कागद जोडायला घेतले, तर माझ्या नावावर काहीच दिसेना. ते काम गेलं असतं तर मी संपलोच होतो.

दुरुस्तीचं विवरणपत्र भरायला कार्यालयातल्या साहेबांची मंजुरी लागायची. ताईंनी अर्ज लिहिला आणि त्यात चूक स्वतःची म्हणून लिहिली. मी म्हटलं, "हे काहून ताई?"

"तुमची लिहिली त साहेब खुलासा मांगतीन, भावाले बलावतीन, तवरोक तारीख निंगून जाईन. माही लिहू द्या. मले काय करतीन?"

काय केलं ते सांगतो. दुरुस्ती चार दिवसांत झाली, काम मला मिळालं, आणि महिन्याभरात त्याच अर्जावर बोट ठेवून साहेबांनी ताईंचं काम काढून आपल्या मेहुण्याला दिलं. 'ह्या बाई चुका करतात' असा बोभाटा झाला, लाखनीतल्या दुकानदारांनीही आपले कागद दुसरीकडे नेले. ताई राईस मिलमध्ये पोत्यांच्या नोंदी करायला जाऊ लागल्या. मला साहेबांसमोर 'चूक माझी' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण माझं बिल त्यांच्या टेबलावर पडलेलं… मी गेलो नाही. पुढे ताईंच्या गल्लीतून जाणंही टाळलं.

ताईंच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, तेच साहेब बोलायला उभे राहिले. "ती एक चूक सोडली तर बाई हुशार होत्या." मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि मी मान हलवली. लाज वाटते, पण हलवली.

मागच्या आठवड्यात त्यांचे यजमान प्रकाशभाऊ यांनी बोलावलं. फाइली रद्दीत द्यायच्या होत्या, तुमचं काही असेल तर काढून घ्या म्हणाले. माझ्या फाइलीत ती काळी झेरॉक्स होती, माझ्या सहीसकट. इतकी वर्षं त्यांच्याच कपाटात! कुणालाही दाखवली असती तर त्यांच्यावरचा डाग पुसला गेला असता.

"कामाचं हाय का जी?" प्रकाशभाऊंनी विचारलं.

"नाई जी, जुनं हाय," म्हणत मी ती घडी करून खिशात घातली. तेव्हाही.

काल ती त्यांना परत नेऊन दिली. सही कुणाची, चूक कुणाची, सगळं सांगितलं. कागद खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी सही पाहिली. मग हळूच म्हणाले, "मलेबी तिनं चूक माहीच म्हनून सांगतलं होतं. मी तिले लय बोललो जी… लय बोललो."

त्यांनी मला चहा विचारला नाही.