मागांच्या गल्लीतला लिंब

झाडं छाटायच्या कामाला मी लागले ती वर चढायला मिळेल म्हणून, आणि पहिले कितीतरी महिने मी काय केलं असेल तर शेळ्या हाकलल्या. थट्टा नाही. सोलापुरात फांदीला करवत लागली की शेळ्यांना कुठून वर्दी जाते देव जाणे! आम्ही झाडाभोवती दोरी बांधायचो, तिला लाल फडकी अडकवायचो, कारण वरून सुटलेली फांदी खाली कोण उभं आहे ते बघत नाही. माणसं दोरी बघून थांबायची, शिव्या देत का होईना थांबायची. शेळी मात्र दोरीखालून शांतपणे आत येऊन पाला खायला लागायची आणि तिच्या मागून तिची मालकीण. "दोन डहाळ्या नेते की गं, तुझं काय जातंय?" माझं काय जातंय! मावशी, डोकं तुझं जाईल!

नवीन माणसाचं काम एवढंच. डोक्यावर हेल्मेट, मान वर, जागेत कुणाला येऊ द्यायचं नाही, दोर गुंतू द्यायचा नाही, पडलेल्या फांद्या ओढून कडेला रचायच्या. संध्याकाळी मान अशी आखडायची की नवऱ्याशी बोलताना अख्खं अंग वळवावं लागायचं. तो रिक्षा चालवतो. आधी म्हणाला, "तुला येडबिड लागलंय का?" आणि दुसऱ्या दिवसापासून रिक्षात बसणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटला की माझी बायको झाडावर चढते. मी अजून जमिनीवरच होते, पण त्याला कोण सांगणार.

मी मूळची मोहोळकडची. आमच्या बांधावरच्या चिंचेवर माझं निम्मं बालपण गेलं आणि खाली काठी घेऊन उभं राहण्यात आईचं. लग्नानंतर सोलापुरात आले, युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसले. दिवसभर मान खाली. एकदा घरी येताना रस्त्यात एक माणूस वडाच्या फांदीला दोरावर लटकून करवत चालवत होता, जणू झोपाळ्यावर बसलाय. मी तिथंच थांबले. तो खाली उतरल्यावर सरळ जाऊन म्हटलं, "मला शिकवा." तो हसला. "आधी खाली उभं राहायला शीक, मग बघू." तेच आमचे उस्ताद.

उस्ताद तेलुगू विणकरांच्या घरातले. लहानपण यंत्रमागाच्या खोलीत गेलेलं. तिथं तोंडानं बोलून उपयोग नसतो, म्हणून ती माणसं हातांनी आणि चेहऱ्यानं बोलतात. झाडावर ही विद्या फार कामाची. मूठ दाखवली की थांब, पंजा खाली दाबला की दोर सोड, बोट फिरवलं की गुंडाळ. आणि ओठ वाचायचे! मी खालून पुटपुटले, "कधी चढवणार हा बाबा," तर वरून उत्तर आलं, "लई घाई हाय तुला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" आमचे तिसरे सोबती अण्णा, अक्कलकोटचे, दोर धरणारे. ते खो खो हसले. मी दोघांवर चिडले आणि एका शेळीला उगाचच जोरात हाकललं.

पण शिकवायला उस्ताद कंजूष नव्हते. आधी झाडाला एक फेरा मारायचा. बुंध्याशी अळंबी उगवलीत का, ठोकून बघितलं तर पोकळ वाजतंय का, मधमाश्या आहेत का, तार कुठून गेलीय. चढण्याआधी एकमेकांचा पट्टा तपासायचा, आपला आपण तपासलेला धरायचा नाही. मोठी फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, नाहीतर मोडताना सालपट खोडापर्यंत सोलत येतं आणि झाडाला जन्माची जखम होते. आणि एक नियम सगळ्यांच्या वरचा. कुणाला काही खटकलं की त्यानं 'थांबा' म्हणायचं. काल आलेल्यानंही. "थांब म्हणायला मोठं असावं लागत न्हाय," ते म्हणायचे. मी घरी खाटेच्या पायाला, पाण्याच्या पिंपाला, दाराच्या कडीला आठाच्या गाठी मारून मारून घर बांधून टाकलं. नवऱ्याला एका सकाळी बाहेर पडायला माझी वाट बघावी लागली.

आणि मग एक दिवस उस्ताद म्हणाले, "उद्या आमच्या गल्लीतला लिंब हाय. तुला वर घेतो. मला चढणारं दुसरं माणूस लागणारच हाय. जमलं तर तू. न्हाय जमलं तर बाहेरनं माणूस आणतो आणि तू खालीच. परत विचारायचं न्हाय. कबूल?"

कबूल! कबूल म्हणजे काय! मी त्या रात्री पापणीला पापणी लावली असेल तर शपथ.

सोलापूरच्या पूर्वभागातली ती गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंना विणकरांची घरं, बहुतेकांच्या पुढच्या खोलीत टॉवेलचे माग, आणि मधोमध हा म्हातारा लिंब. उस्तादांचं जन्मघर त्याच्या सावलीतच. तिथं त्यांची आई, म्हणजे अम्मा, आणि धाकटा भाऊ राहतो. लिंबाची एक जाडजूड फांदी वाळून तारांवर रेललेली. शाळेत जाणारी पोरं रोज तिच्याखालून जायची. तिला तुकड्यातुकड्यांनी, दोराला बांधून उतरवायचं होतं.

वायरमनला आधीच सांगून ठेवलेलं. त्यानं कोपऱ्यावरच्या डीपीवरून, म्हणजे विजेच्या पेटीवरून, लाईन बंद केली आणि फोन केला, "झाली बंद, करा सुरू." उस्तादांनी तरी खात्री केली. समोरच्या किराणा दुकानातला पंखा थांबलेला. दुकानदार पुठ्ठ्यानं वारा घेत बाहेर आला आणि ओरडून म्हणाला, "लवकर आटपा बाबांनो, माझं आईस्क्रीम वितळायलंय."

मी पट्टा चढवला. काय सांगू! मांड्यांभोवती, कमरेभोवती तो आवळला गेला आणि अंगात वारं शिरलं. उस्तादांनी माझ्या गाठी ओढून बघितल्या, मी त्यांच्या. ओट्यांवर बाया जमल्या होत्या. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं, ओठांवरून मला कळलं, "ही चढणार?" मी हेल्मेट नीट केलं आणि छाती पुढे काढली. आधी उस्ताद जाऊन वर दोर अडकवणार, मग मी. बांबूची शिडी खोडाला लावली, उस्ताद चढू लागले, त्यांच्या कमरेचा दोर अण्णांच्या हातात आणि शिडी माझ्या.

अण्णा काहीतरी म्हणाले.

"काय?" मी म्हटलं.

ते पुन्हा म्हणाले. मला पुन्हा कळलं नाही. शेवटी माझ्या कानाशी येऊन ओरडले, "मनगटापर्यंत बाही ओढ म्हणतोय! मुंग्या असतात!"

"ओढलीय!" मी ओरडले.

आणि मनात आलं, अगं, पण आपण ओरडतोय का? एवढ्या जवळ उभे राहून?

खटखट, खटखट, खटखट. सगळ्या घरांतून. माग चालू होते!

दुकानाचा पंखा बंद, आणि माग चालू. म्हणजे कुठली तरी तार जिवंत होती, आणि उस्ताद शिडीच्या टोकाशी पोचून त्या वाळक्या फांदीकडे हात नेत होते. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "थांबा!" पण त्या खटखटाटात माझा आवाज कुठला पोचतोय! त्यांची पाठ आमच्याकडे, म्हणजे हातवारेही फुकट. मी अण्णांच्या हातातला दोर धरला आणि जोरात हिसडा दिला.

उस्तादांनी खाली बघितलं. मी मूठ दाखवली. ते दोन पायऱ्या उतरले. चेहरा लालबुंद.

"काय झालं? भीती वाटायली का? वाटायली तर आत्ताच सांग, सगळी गल्ली बघायलीय!"

त्या एका क्षणात माझ्या मनात काय काय आलं! आता काम थांबलं की वायरमन परत कधी येणार, दिवस गेला की चढणंही गेलं, आणि वर हे मला भित्री समजणार. पण जीभ माझ्या आधी धावली.

"माग चालू आहेत!"

"कुठले माग?"

खरंच विचारलं हो त्यांनी. माझ्याकडे अगदी निरागस बघत. जन्मापासून तोच आवाज कानात, त्यांना तो ऐकूच येत नव्हता.

"तुमच्या घरातले!" मी ओरडले.

उस्तादांनी हळूच मान घराकडे वळवली. उघड्या दारातून त्यांचा भाऊ मागाशी वाकलेला दिसत होता. ते एकेक पायरी चाचपत उतरले, झाडाच्या पारावर बसले आणि नुसते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. अण्णांनी पाणी दिलं, ते निम्मं अंगावर सांडलं.

अण्णांनी फोन केला तसा वायरमन मोटरसायकलवरून आला. घरांची लाईन ह्या डीपीवर होती आणि मागांची पलीकडच्या डीपीवर. झाडापाशी दोन्ही शेजारून जात होत्या. तो शेजारच्याच गल्लीतला. त्याचेही कान तसलेच. त्यानं जीभ चावली आणि पलीकडच्या डीपीकडे गेला.

आणि माग थांबले. सगळे. असली शांतता! कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली तर सगळे दचकले. वायरमननं ह्या वेळी टेस्टर लावून प्रत्येक तार तपासली, उस्तादांना दाखवली, मलाही दाखवली.

आता विणकर बनियनवरच बाहेर आले. "किती वेळ? सकाळीच धागा भरलाय. अर्धा टॉवेल अडकलाय!" गलका वाढला. उस्ताद उठले. माझ्याकडे बघायचं टाळत म्हणाले, "आज मी एकटाच चढतो. तुला वेळ लागंल, पहिलीच खेप हाय. ही माणसं थांबायची न्हाईत."

मी मान हलवली. काय करणार? बरोबरच होतं त्यांचं. पण पट्ट्याचं बक्कल सोडायला बोटं चालेनात. स्वतःच्या हातानं घालवलं होतं मी चढणं. पुन्हा तीच वेळ आली असती तर पुन्हा घालवलं असतं, पण म्हणून काय वाईट वाटायचं राहतं का?

तेवढ्यात अम्मा आल्या. एवढीशी म्हातारी, केसांत सुताची कुसं. "करंट कुणी घालवला?" उस्तादांनी त्यांना तेलुगूत सांगितलं. मला तेलुगू येत नाही, पण त्यांनी तार दाखवली, आपला हात दाखवला, आणि मग माझ्याकडे बोट केलं. अम्मांनी ऐकून घेतलं आणि लेकाच्या पाठीत असा धपाटा घातला की अण्णाच कळवळले. मग माझ्याकडे वळल्या. माझं अर्धवट सुटलेलं बक्कल बघितलं.

"हे कशाला सोडायलीस?"

"उस्ताद एकटेच जाणार आहेत. लवकर व्हायला पाहिजे ना."

"कुणाला पाहिजे लवकर?" त्यांनी गल्लीकडे बघून विचारलं. अम्मांनी घरातून प्लास्टिकची खुर्ची ओढत आणली, कुणी मध्येच लाईन चालू करू नये म्हणून पलीकडच्या डीपीसमोर नेऊन ठेवली आणि तिच्यावर पदर खोचून बसल्या. "चढ."

मी उस्तादांकडे बघितलं. त्यांनी माझं बक्कल स्वतः लावलं, ओढून बघितलं आणि शिडीला लागले. त्यांच्या मागून मी.

आई गं, काय ते चढणं! खोडाची खरबरीत साल तळव्यांना लागली, लिंबाचा कडू वास नाकात भरला, मुंग्या चावल्या, चावेनात का! शिडी संपली आणि दोरानं मला तोलून धरलं. पाय मोकळे झाले. खाली हेल्मेट घातलेले अण्णा, वर नुसती पानं, आणि पानांतून दिसणाऱ्या गच्च्यांवर वाळत घातलेले टॉवेल, पार लांबपर्यंत. मी मोठ्यानं हसले. गल्ली इतकी गप्प होती की ते हसू सगळ्यांना ऐकू गेलं.

उस्तादांनी फांदीला दोर बांधला आणि करवत माझ्या हातात दिली. मी खालून कापलं, मग वरून. पहिला तुकडा सुटला, दोराला लटकला आणि अण्णांनी तो अलगद उतरवला. दुसऱ्याला माझा दंड भरून आला. करवत अडकायला लागली. घाम डोळ्यांत उतरला. मी वेग वाढवायला बघितला तशी ती आणखीच अडकली.

खालून एक विणकर वैतागून म्हणाला, "अम्मा, अजून किती वेळ? ही बाई संध्याकाळ करणार."

"होऊ दे संध्याकाळ," अम्मांचा आवाज आला. "माझा पोरगा घरी आणलाय तिनं. तिला सावकाश कापू दे."

उस्ताद माझ्या शेजारीच दोरावर होते. त्यांनी तोंड पलीकडे फिरवलं आणि बाहीनं डोळे पुसले. माझेही वाहत होते, आणि मी हसतही होते. मी करवत बाहेर काढली, दम घेतला, पाय फांदीवर नीट रोवले आणि पुन्हा सुरुवात केली, सावकाश. खाली सगळी गल्ली थांबून राहिली.