हरभऱ्याच्या रानातलं रॉकेट

आठवीच्या वर्गावर होते. शाळेत मी मोबाइल बंद करून पर्समध्ये ठेवते. त्या दिवशी मात्र शिपाई मावशी दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, ऑफिसात तुमच्या आईचा फोन आलाय." आई शाळेच्या नंबरवर कधी फोन करत नाही. मी रिसीव्हर उचलला, तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "नंदा, भाऊजी उठंनात गं. जेवून आडवे झाले व्हते. चहाला हाक मारली, हलवलं... तू ये." मी रिक्षा पकडून गारखेड्याला घरी आले तोवर शेजारचे डॉक्टर येऊन गेले होते. तात्या, माझे चुलते, कुशीवर झोपलेले होते. एक हात उशीखाली, गुडघे थोडे पोटाशी घेतलेले. झोपेतच गेले होते, कुणाला हाक मारायची वेळही आली नव्हती.

याला आता सहा आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, "किती अचानक." मी मान हलवते. पण खरं सांगायचं तर त्यांच्याशेजारी बसल्यावर मला आधी रडू आलं नाही. छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. आमचं बोलणं होऊन गेलं होतं, हे आठवलं. ते झालं नसतं आणि तात्या असे दुपारच्या झोपेत निघून गेले असते, तर मी पुढं काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पैठण रस्त्यावर बिडकीनच्या पुढं आमचं गाव. दोघं भाऊ विहिरींवर सुरुंगाची कामं करायचे. खडक लागला की आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. पहारीनं खडकाला भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वात लावायची, वर यायचं आणि चारी दिशांना आरोळी द्यायची. अशाच एका विहिरीत माझे वडील गेले. मी चार वर्षांची होते. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. त्यांच्या खांद्यावर बसल्यावर केसांना येणारा धुळीचा वास तेवढा आठवतो, आणि तोही खरा की नंतर मनानं रचलेला, कोण जाणे. त्यानंतर तात्यांनी सुरुंगाला हात लावला नाही. शेती केली. काकूला मूलबाळ झालं नाही. मी एकटीच दोघांची लेक झाले. मला शहरात शिकायला ठेवलं, बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं. दर शनिवारी एस.टी.नं यायचे, हॉस्टेलच्या फाटकाशी डबा द्यायचे आणि "अभ्यास हाय ना बरा?" एवढंच विचारून परत जायचे.

आणि तरीही... मी तेरा-चौदा वर्षांची असताना आईच्या माहेरच्या एका बाईनं लग्नाच्या गर्दीत माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. "बापाला खाली धाडणाराच पोरीला सांभाळतो, काय दैव बाई," असं म्हणाली होती. ती पुढं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. घरी येऊन मी तात्यांकडं नीट पाहू लागले. वाटणीवरून भांडण होतं का? दोघं बोलत होते का? माझ्यावरची माया ही माया होती, की काही फेडणं चाललं होतं? त्यांनी पुढ्यात ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीवर मला ही शंका यायची. ती मी सदतीस वर्षं उरात घेऊन फिरले. लग्न झालं, नोकरी लागली, काकू गेल्या, आई आणि तात्या दोघंही आमच्याकडं राहायला आले. एकाच ताटात पापड मोडून खायचो आम्ही, पण तो विषय निघाला नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की तात्या कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसायचे. आई दार ओढून घ्यायची. मी पाहायचे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेनं विज्ञान दिनासाठी छोट्या रॉकेटचा किट मागवला. शिक्षकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण, परवानगीचे कागद, सगळं रीतसर. मुलींसमोर उडवण्याआधी एकदा स्वतः बांधून, उडवून पाहायचं असं मी ठरवलं आणि खोका घरी आणला. पुठ्ठ्याची हातभर नळी, हलक्या लाकडाचे तीन पंख, प्लॅस्टिकचं टोकदार नाक, रबराची दोरी, नारिंगी प्लॅस्टिकची घडी केलेली छत्री, म्हणजे पॅराशूट. तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. नव्या डोळ्यांनी ते घरातली प्रत्येक वस्तू उचलून पाहत होते. जेवणाच्या टेबलावर मी नळीवर पंख चिकटवायला बसले, तर खुर्ची ओढून शेजारी आले. मी दोन पंख लावून झाल्यावर म्हणाले, "ह्यो दुसरा कलला."

"कुठं कललाय, तात्या? मी पट्टी लावून बघितलंय."

"पट्टी राहू दे. नळी डोळ्यासमोर धर अन् बघ."

मी धरली. खरंच केसभर कलला होता. त्यांनी ब्लेडनं हळूच तो सोडवला, कड घासली, पुन्हा डिंक लावला आणि दोन बोटांत धरून बसले. किती वेळ, तर आईनं कुकर लावून तीन शिट्ट्या झाल्या तोवर. हात जराही हलला नाही. पहारीनं खडक फोडणारे हे हात इतके नाजूक काम करतात, हे मी पन्नाशीला आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. पुढचे तीन दिवस आम्ही दोघंच त्यात गढून गेलो. छत्रीच्या दोऱ्या गुंतू नयेत म्हणून त्यांनी तिला टाल्कम पावडर लावून पुन्हा पुन्हा घड्या घातल्या. "ही परत खाली येती म्हणतीस?" हे त्यांनी चार वेळा तरी विचारलं असेल.

चौथ्या दिवशी मी इंजिन दाखवलं. अंगठ्याएवढी जाड पुठ्ठ्याची नळकांडी. तात्यांनी ती हातात घेतली, वास घेतला आणि टेबलावर ठेवून दिली. "ह्याच्यात दारू हाय."

"थोडीशी आहे, तात्या. वात नाही, बॅटरीनं पेटतं. आपण लांब उभं राहायचं."

ते उठून गेले. रात्री जेवले नाहीत. आई माझ्याकडं पाहत राहिली. मला वाटलं, झालं, आता हे रॉकेट मी एकटीनंच उडवायचं. पण सकाळी चहा घेताना तेच म्हणाले, "आपल्या रानात उडव. हरभरा निघालाय, मोकळं हाय. मी येतो. पण मी सांगंन तसं करायचं."

रविवारी सकाळी माझे मिस्टर विलास, मी आणि तात्या गाडीनं गावी गेलो. वारा अजिबात नव्हता. तात्यांनी आधी दहा पावलांचं गोल रान साफ करून घेतलं, काडी न् काडी वेचली आणि त्यावर दोन कळशा पाणी शिंपडलं. मग तिवई ठेवली, तिच्यातली सळई उभी केली, सळईत रॉकेट ओवलं. इंजिनाच्या बुडातल्या बारीक तारेला मी वायरचे चिमटे लावले आणि आम्ही वायर संपेतो मागं आलो. विलास मोबाइल घेऊन बाजूला उभे राहिले. मी हातातल्या बॅटरीच्या डबीला चावी लावली आणि तिच्या बटणावर अंगठा ठेवला. तेवढ्यात तात्या चारी दिशांना वळून, दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडले, "बार उडतोय होऽऽ!" त्या मोकळ्या रानात ऐकणारं कुणी नव्हतं. त्यांचा तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

पाच, चार, तीन, दोन, एक. बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. तरी काही नाही.

प्रशिक्षणात सांगितलं होतं, चावी काढा आणि मिनिटभर थांबा. मी चावी काढली खरी, पण मिनिट काही मोजलं नाही. चिमटा निघाला असेल म्हणत पुढं पाऊल टाकलं, तोच तात्यांनी माझं मनगट धरलं. बांगडी रुतली इतकं घट्ट. मी वळून पाहिलं तर चेहरा पांढरा पडलेला.

"खाली बस."

"तात्या, चावी काढलीये मी..."

"बस म्हणलं ना!"

मी ढेकळांत बसले. तेही बसले, मनगट न सोडता. विलास काही बोलणार होते. मी मानेनंच नको म्हटलं. कितीतरी वेळ तात्या फक्त त्या सळईकडं पाहत होते. मग बोलायला लागले, माझ्याकडं न बघता.

"तीन बार भरले व्हते. दोन उडाले. तिसरा मुका राहिला. आम्ही वर बसलो. लई थांबायचं असतंय अशा वक्ताला, आम्हाला का ठाव नव्हतं? रोजचं काम. पण वहिनी भाकरी घेऊन आली व्हती. दोघांला भूक लागली व्हती. दादा म्हणला, वात विझली असंल, बघून येतो, मंग निवांत जेवू. मी म्हणलं... मी म्हणलं, बघ."

मोकळ्या हातानं त्यांनी एक ढेकूळ चुरलं.

"बस, एवढंच. बघ म्हणलं. थांब म्हणायला पायजे व्हतं. त्यो शिडीवर असताना बी म्हणता आलं असतं. मी भाकरीचं फडकं सोडत बसलो व्हतो."

मी वाट पाहत होते, पुढं काहीतरी येईल. भांडण, जमीन, एखादा राग. काही आलं नाही. एवढंच होतं. दोन भुकेले भाऊ आणि 'बघ' हा एक शब्द. सदतीस वर्षं मी ज्याला भीत होते, ते पाप नव्हतंच मुळी. एका भुकेल्या माणसानं केलेली घाई होती. मला रडू आलं, आणि खरं म्हणजे हसूही आलं असतं, इतकं हलकं वाटलं.

"तुमचं वय काय होतं, तात्या?"

"बाविसावं चालू व्हतं."

"माझ्या शाळेतल्या मुली पास होऊन कॉलेज करतात ना, त्या वयाचे होतात तुम्ही."

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नव्हे. मग पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "तुला कुणी काय सांगितलं व्हतं का?"

"सांगितलं होतं थोडं. आणि मी ते धरून बसले. तुम्हाला विचारायला हवं होतं... माझं चुकलं."

त्यांनी माझं मनगट सोडलं आणि बांगडीचा वळ उठला होता त्यावरून अंगठा फिरवला. विलासनं घड्याळ दाखवलं. वीस मिनिटं झाली होती. तात्या गुडघ्यांवर हात टेकून उठले. "चल. आता बघू. पण दोघं जाऊ."

तार खाली सरकून पडली होती, बाकी काही नाही. मी नवी तार बसवली. तात्यांनी वाकून ती दोनदा तपासली. पुन्हा मागं आलो. आरोळीही पुन्हा झाली, या वेळी आवाज मोकळा होता. बटण दाबलं. फुस्स असा मोठा आवाज झाला, धुराची पांढरी रेघ उठली आणि रॉकेट बांधावरच्या लिंबाच्या कितीतरी वर, सरळ, जराही न कलता गेलं. दिसेनासं झालं. तात्यांनी डोळ्यांवर हात धरला. "गेलं... कुठं गेलं गं?" तेवढ्यात वर टप्प असा बारीक आवाज आला आणि नारिंगी छत्री उघडली.

ती खाली यायला बराच वेळ लागला. डुलत डुलत, आमच्याच रानाच्या टोकाला. तात्या तिच्याकडं चालत नव्हते, जवळजवळ पळत होते. चप्पल मागं राहिली त्यांची. रॉकेट ढेकळावर आडवं पडलं होतं. उचललं, फिरवून पाहिलं. एक पंखही मोडला नव्हता. "अजून ऊन हाय बघ," म्हणाले, गरम लागतंय या अर्थानं, आणि ते छातीशी धरून मोठ्यांदा रडले. विलास म्हणाले, "तात्या, काय झालं?" तर म्हणतात, "काय बी नाय झालं. कोणाला काय बी नाय झालं!"

त्या दुपारी घरी येऊन त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. विज्ञान दिनाला शाळेत आले. एकदा तिथंही बार मुका राहिला, तेव्हा साठ मुलींना त्यांनी मैदानात मांडी घालून बसवलं आणि कुणालाच उठू दिलं नाही. मुख्याध्यापिका बाईंनासुद्धा नाही. पुढच्या दोन्ही दिवाळ्यांना कापूस लागला नाही. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि गल्लीतल्या पोरींना "लांब व्हा, अजून लांब," म्हणून ओरडायचे.

तेराव्यानंतर मी आणि आई त्यांच्या खोलीत कपडे आवरायला बसलो. मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं? विहिरीचं?"

"त्याच दिशी सांगितलं त्यांनी. माझ्या पायावर डोकं ठिवलं व्हतं. मी म्हणलं, भाकरी मीच आणली व्हती भाऊजी, मंग मला बी दोष द्या." आई धोतराची घडी करत होती. "मला सांगून ते सुटले व्हते. तुझंच भ्या व्हतं त्यांला."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"तू कामून विचारलं नाय? मला वाटायचं, पोरीला ठाव नसंल तर बरंच हाय."

तात्यांची सात धोतरं निघाली, धुऊन धुऊन मऊ झालेली. आईनं त्यांची गोधडी शिवायला घेतली आहे. संध्याकाळी शाळेतून आले की ती तात्यांच्या खोलीत खिडकीशी टाके घालत बसलेली असते. तिला आता सुईचं नाक दिसत नाही. मी शेजारी बसून दोरा ओवून देते, आणि वडिलांबद्दल, तात्यांबद्दल एकेक विचारत जाते. ती सांगते.