क्षमावहिनींची काळपुळी

पार्ल्याला आमच्या खालच्या मजल्यावर श्यामसुंदर रेगे राहत. विमा कंपनीत हेडक्लार्क होते. होमिओपॅथी ते पुस्तकं वाचून शिकले होते आणि औषध फुकट देत. रविवारी सकाळी व्हरांड्यात माणसं जमत. रेगे विचारत, तहान लागते का? पांघरूण सहन होतं का? रडल्यावर मोकळं वाटतं का? घरी इतकं कोणी विचारत नसे, म्हणून बरीचशी माणसं त्या विचारपुशीसाठीच येत असावीत.

चौपन्न सालच्या वैशाखात शेजारच्या वनमालाबाईंच्या माणिकला गळवं झाली. एक बसलं की दुसरं उठे. रेग्यांनी गोळ्यांच्या पुड्या दिल्या, कांदा आणि कॉफी बंद केली. तिसऱ्या दिवशी गळवं आणखी सुजली तेव्हा ते खूश झाले. "औषध लागू पडलं. आधी उसळतं, मग ओसरतं." आठवड्याभरात पोर खेळायला लागली. "तुमच्याच गोळ्यांचा गुण, भावजी," असं वनमालाबाई येऊन सांगून गेल्या. रेग्यांनी ते वहीत तारखेसकट लिहिलं.

श्रावणात रेग्यांच्या बायकोच्या, क्षमावहिनींच्या मानेवर काळपुळी उठली. माणिकला दिलेल्या पुड्याच रेग्यांनी त्यांना सुरू केल्या. सूज खांद्यापर्यंत उतरली, दोन-तीन तोंडं फुटली, ताप चढला.

"श्यामराव, डॉक्टरला बोलवा हो," मी म्हटलं.

"मास्तर, माणिकचंही असंच उसळलं होतं की नाही? आता इंजेक्शन टोचलं की रोग आत दबेल."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांना मान वळवता येत नव्हती. भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "कालच्यापेक्षा बरं आहे."

पाचव्या दिवशी त्या बरळायला लागल्या. वनमालाबाई पेज घेऊन आल्या होत्या. भांडं दारातच ठेवून त्या रडू लागल्या.

"भावजी, माणिकला मी चौथ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं होतं. पेनिसिलीनची पाच इंजेक्शनं दिली तिला. तुमच्या पुड्या डब्यात तशाच आहेत."

"मग मला येऊन सांगितलंत ते?"

"तुम्ही इतक्या आशेनं विचारत होतात. नाही कसं म्हणू?"

रेगे अनवाणीच स्टेशन रोडवरच्या डॉक्टरकडे धावले. डॉक्टरांनी काळपुळी कापली, इंजेक्शनं सुरू केली. लघवीत साखर निघाली. वहिनी वाचल्या, पण थोडक्यात.

ताप उतरल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा रेगे उशाशी बसले होते. वहिनींना म्हणाले, "ऐकलंस ना? तीन महिने त्या बाईनं मला मूर्ख बनवलं."

वहिनी हळूच म्हणाल्या, "तिला बोलू नका. मीच सांगितलं होतं, यांना कळू देऊ नकोस म्हणून."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या इंजेक्शनला माणिकला मांडीवर घेऊन मीच बसले होते."

"आणि तरी माझ्या पुड्या घेत राहिलीस? बरं वाटतंय म्हणून सांगत राहिलीस?"

"ऑफिसातून येता तेव्हा तुमचा चेहरा कसा असतो, तुम्हाला नाही दिसत. रविवारी निराळा असतो. तो माझ्या हातानं कसा पुसू?"

मला वाटलं, आता ते विरघळतील. पण रेगे उठून उभे राहिले. "शेजाऱ्यांनी फसवलं तर सोसेन मी. तू मला तुझ्या मरणाला हातभार लावायला लावत होतीस, क्षमा." बायकोला त्यांनी माझ्यासमोर नावानं हाक मारली ती तेवढी एकदाच.

पुढल्या रविवारी ते घरोघर विचारत फिरले, खरं सांगा, गुण कशानं आला? सगळ्यांनी गोळ्यांचंच नाव घेतलं. शेवटी माझ्याकडे आले. त्यांच्या पुड्या चालू असताना माझ्या पाठीवरच्या गळवावर मी गुपचूप सल्फाचं मलम लावलं होतं, ते मी सांगून टाकलं.

"तुम्हीसुद्धा, मास्तर?" एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

रविवारची औषधं बंद झाली. आमचं बोलणं कालांतरानं सुरू झालं. क्षमावहिनी पुढं पंधरा वर्षं जगल्या. रेगे रोज ऑफिसातून आले की विचारत, "कशी आहेस?" त्या म्हणत, "बरी आहे." मग ते त्यांच्या कपाळाला हात लावून बघत, मानेवरचा पदर बाजूला करून बघत, आणि त्यानंतरच चपला काढत.