एकाला बूट, दुसरा अनवाणी

आमच्या यांना सगळे ‘भागेल’ म्हणतात. चपलेचा अंगठा तुटला, भागेल. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधली, भागेल. असा माणूस अणूंच्या ऊर्जेची गणितं करतो, आणि ती ज्या संगणकांवर चालतात ते मी सांभाळते. भोगा आता.

इलेक्ट्रॉनचं वागणं मांडायला ही मंडळी लहानमोठ्या लाटांची बेरीज करतात. लाट जितकी आखूड, तितकी तिची ऊर्जा जास्त. किती ऊर्जेपर्यंतच्या लाटा घ्यायच्या, ती मर्यादा म्हणजे कटऑफ. तो आपण लिहायचा. नाही लिहिला तर प्रोग्रॅम अणू बघून स्वतःच ठरवतो. मग हे कशाला लिहितायत?

यांच्या गणितात एक स्फटिक विषारी वायूला घट्ट धरून ठेवत होता. त्या जोरावर आमच्याच संस्थेत कायमची जागा मिळायची होती. नाहीतर हे परगावी आणि मी लेकीला घेऊन इथे. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी सहज यांच्या फाइली उघडल्या, तर प्रोग्रॅमने रिकाम्या स्फटिकाला कटऑफ कमी लावलेला आणि वायू भरलेल्याला जास्त, कारण वायूत ऑक्सिजन, आणि त्याला जास्त आखूड लाटा लागतात. लाटा वाढवल्या की ऊर्जेचा आकडा तसाही खाली येतो. वायू भरल्यावर आकडा जितका खाली, तितकी पकड घट्ट, असा हिशोब; म्हणून हे या घसरणीलाच पकड समजून बसले होते.

“अहो, एका पोराची उंची बुटांसकट मोजलीत आणि दुसऱ्याची अनवाणी.”

“भा...” म्हणता म्हणता यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

मी दोन्ही गणितं एकाच कटऑफवर पुन्हा लावली. स्फटिक वायूला धरतबिरत काही नव्हता.

मुलाखतीत यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, “माझा निष्कर्ष चुकलाय.”

बाहेरून आलेल्या अध्यक्षबाई म्हणाल्या, “आम्ही आमच्याकडे करून पाहिलं, तर तो जुळत नव्हता. तेच विचारणार होते. चूक पकडली कोणी?”

“बायकोनं.”

“आणि पुढची कोण पकडणार?”

“तीच. संगणक तिच्याच ताब्यात आहेत.”

जागा मिळाली. सांगताना यांना रडू फुटलं, मग मलाही. तेव्हापासून कटऑफ न लिहिलेलं गणित मी संगणकाच्या रांगेत घेतच नाही. परवा यांचंच परत पाठवलं. तणतणत माझ्या खोलीत आले.

“अगं, नवरा आहे मी तुझा.”

“म्हणूनच तर दोनदा तपासलं.”