आक्कांच्या दातांचा फोटो

बाळांनो,

गेल्या रविवारी जळकोटकडच्या घरच्या बारशाचे फोटो आपल्या ग्रुपवर आले. त्यातल्या एकात पाळण्यामागच्या भिंतीवर मोठ्या आजीची तसबीर तुम्हाला दिसली आणि लगेच तुमचा फोन आला. धाकटी रडत होती. थोरला रागावून म्हणाला, "मोठी आजी गेली आणि आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही?"

तुमचं काही चुकलं नाही. आपल्याकडे पुढच्या खोलीतल्या त्या भिंतीवर चौकटीत माणूस दिसला की तो गेलेलाच असतो. इतक्या लांब वाढूनही तुम्हाला हे ठाऊक आहे, याचं मला मनातून बरंच वाटलं. मोठी आजी आहे. नंतर तिचा आवाजही तुम्ही ऐकलात: "अगं माय, रडती कशाला? अजून खाऊन-पिऊन हाय मी." पण जिवंत माणूस त्या भिंतीवर कसा गेला, ते फोनवर सांगून तुम्हाला कळलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे. कुठे अडलात तर बाबांना विचारा. त्यांना यातलं निम्मं माहीत आहे.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणते आणि अहो-जाहो करते. ती मला 'मास्तरीण' म्हणते, कारण मी लग्न होऊन आले तेव्हा इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली होते आणि भाकरी थापता येत नव्हती. पुढे मी नांदेडला कॉलेजात शिकवलं. आक्का जळकोटजवळच्या आपल्या गावी राहिल्या, शेत आणि घर दोन्ही बघत.

निवृत्त झाल्यावर मी फोटो काढू लागले, आणि काढता काढता माझ्या लक्षात आलं की मला हसणाऱ्या माणसांचेच फोटो हवे असतात. ते सोपं नाही. आपल्या भागात माणसाला 'हसा' म्हटलं की आधी हसत असेल तोही थांबतो. हात मांडीला चिकटवतो, हनुवटी वर घेतो आणि तहसीलदारासमोर उभा केल्यासारखा बघतो. म्हणून मी हसा म्हणत नाही. फोन हातात धरून बसून राहते, लोक मला विसरेपर्यंत. आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. हसू अगदी भरात असतं तेव्हा फोटो चांगला येत नाही. डोळे मिटलेले असतात, मान भलतीकडे गेलेली असते. ते ओसरू लागतं तेव्हा माणूस दुसऱ्याकडे बघतो, तुलाही तसंच वाटलं ना, असं विचारल्यासारखं. तेवढ्यात बटण दाबायचं.

या सगळ्या युक्त्या आपल्या घरच्या बायकांपुढे फुकट जायच्या. उमरीच्या एका लग्नात जेवणं झाल्यावर बायकांच्या घोळक्यात काहीतरी जोरदार विनोद झाला. मी टपूनच होते. फोटो बघितला तर चौकटभर पदर. हिरवा, जांभळा, जरीचा, प्रत्येक तोंडावर एकेक. वडीलधाऱ्यांसमोर सुनेनं दात दाखवून हसायचं नाही, अशी या बायकांना पहिल्या दिवसापासून सवय लावलेली. वडीलधारे केव्हाच गेले, सुनांच्या सासवा झाल्या, पण हसू आलं की हात आपोआप पदराकडे जातो. आक्कांचा तर फारच. माझ्याकडे वर्षवार लावलेले आल्बम आहेत. त्यात आक्का प्रत्येक कार्यात आहेत, आणि जिथे त्या हसताहेत तिथे नाकाच्या खाली फक्त पदर आहे.

आता त्या भिंतीबद्दल. आक्कांच्या शेजारी जी दुसरी तसबीर आहे, ती तुमच्या पणजीची, माझ्या सासूबाईंची. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. तुमचे बाबा लहानपणी त्या फोटोसमोरून जायला घाबरायचे. डोळे बारीक, भुवया जवळ आलेल्या, ओठ घट्ट. घरात कुणी काही सांडलं की आधी त्या भिंतीकडे बघायचं. खरं सांगायचं तर आत्याबाई गमत्या बाई होत्या. त्यांचं हसणं गोठ्यापर्यंत ऐकू जायचं. म्हाताऱ्या बाई, त्यांच्यावर ना सासरा ना दीर उरलेला, त्यांना पदराची गरज नव्हती. पण त्यांचा फोटो एकदाच निघाला, पेन्शनच्या कागदासाठी, भर उन्हात, सूर्याकडे तोंड करून. त्या गेल्यावर तोच मोठा करून लावला. नंतर आलेल्या सुनांनी, नातवंडांनी तेवढ्याच आत्याबाई पाहिल्या.

मागच्या दिवाळीनंतर आक्कांचा फोन आला.

"मास्तरीण, लातूरला दाताच्या डॉक्टरकडं जाऊन आले. समदे काढायचे म्हन्तोय. कवळी बसवायची."

"दुखतंय का फार?"

"दुखायचं सोड. तू दात काढायच्या आत ये. तुझा फोन घेऊन ये."

"कशाला?"

"माझा हसताना फोटू काढ. माझ्या दातांसकट. मिसरीनं काळे झाले असले तरी माझे हायेत ते. कवळीनं हसले तर ती डॉक्टरची कवळी हसल, मी न्हाई."

मी म्हटलं, काढू की, घाई काय?

"उद्या मी गेले तर पोरं आधार कार्डावरचाच फोटू मोठा करतील. त्यात मी चोर दिसते. आत्याबाईसारखं मला जन्मभर सुनांवर डोळे वटारून बघत बसायचं न्हाई."

हे त्या हसत म्हणाल्या नाहीत. म्हणून मी त्याच आठवड्यात निघाले. कंधारवरून एसटीनं गेले. तुमचे आजोबा घरीच राहिले, त्यांच्या कमरेला तो रस्ता सोसत नाही.

पोचले तर आक्का ठेवणीतली इरकल नेसून अंगणात खुर्चीवर तयार बसलेल्या. हात मांडीवर, नजर सरळ. त्यांच्या दोन्ही सुना दारात उभ्या. थोरले दीर, म्हणजे तुमचे मोठे आजोबा, ओसरीत बाजेवर पडलेले. त्यांना आता कमी ऐकू येतं, पण काय चाललंय ते त्यांना बघायचं असतं.

मी फोन हातात धरला. वाट बघत बसले. आक्काही वाट बघत बसल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "काढ की. मी हसून राहिले न्हवं?" त्या मुळीच हसत नव्हत्या. थोरल्या सुनेला हे बघून हसू फुटलं, तिचं बघून आक्कांना, आणि आक्कांचा हात पदर घेऊन तोंडावर. मी फोन खाली ठेवला.

"आक्का, हात."

"मी न्हाई नेला. तो गेला."

पुन्हा तेच. पदर कमरेला खोचून बघितला, तर नुसता तळवा तोंडावर आला. हात धरून ठेवायला सुना आल्या, तर आक्का वैतागल्या. "मला काय पोलिसानं धरलंय का? असलं हसू मला नको." दुपारपर्यंत माझ्या फोनमध्ये आक्कांच्या हाताचे पुष्कळ चांगले फोटो जमले.

आक्का आत जाऊन भिंतीला टेकून बसल्या. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे मास्तरीण. आधारचाच लावतील." तसा सूर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. दवाखान्याची तारीख पुढच्या सोमवारची होती.

संध्याकाळी धाकटी सून ज्वारीचं पीठ मळायला बसली. ही देगलूरकडची. घरात तेलुगू ऐकत वाढलेली, बोलायला तिखट आणि माणसांच्या नकला करण्यात पटाईत. आक्कांचा अलीकडे चुलीशी संबंध उरला नव्हता. परातीत पाणी जास्त झालं म्हणून मात्र त्यांना राहवलं नाही. "सरक. असलं पातळ पीठ थापायला का खरडायला?" असं म्हणून त्या परातीपुढे बसल्या आणि इरकल न बदलताच दोन्ही हात पिठात घातले.

ते बघून मला सुचलं. मनगटापर्यंत ओलं पीठ लागलेलं असताना आक्का ठेवणीतल्या साडीला हात लावणार नाहीत. मेल्या तरी लावणार नाहीत. मी गुपचूप तव्याच्या पलीकडे जाऊन बसले, दारातला उजेड आक्कांच्या तोंडावर पडत होता तिथे, आणि धाकटीकडे बघितलं. ती समजली.

ती उठली. पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली, पदर कपाळापर्यंत ओढला, भुवया जवळ आणल्या, ओठ घट्ट मिटले आणि हुबेहूब भिंतीवरच्या आत्याबाई झाली. तशीच, मान न हलवता, हळूहळू डोळे परातीकडे वळवून बारीक आवाजात म्हणाली, "थोरले, पीठ सांडलं गं तुझ्याकडनं."

आक्का आधी दचकल्या. मग फुटल्या. त्यांचा हात सवयीनं उठला, छातीपर्यंत आला, पीठ लागलेली बोटं त्यांना दिसली आणि तो तिथेच थांबला. जायला जागाच नव्हती त्याला. "अगं माय... मेले... गप गं भवाने!" असं काहीतरी म्हणत त्या हसत सुटल्या, आणि हसू ओसरताना त्यांनी धाकटीकडे बघितलं. तेव्हा मी बटण दाबलं.

तोच तो फोटो. दात काळे आहेत, वर उजवीकडे फट आहे, आणि छातीशी पांढरा हात अधांतरी आहे. तुम्ही तो नीट मोठा करून बघा.

सोमवारी लातूरला दात काढले. तिथल्याच एका दुकानात मी फोटो मोठा करायला दिला. दुकानदारानं तो बघितला, आवाज खाली घेतला आणि विचारलं, "कधी वारल्या, मॅडम?" मी म्हटलं, समोरच्या दवाखान्यात गालाला बर्फ लावून बसल्या आहेत. तो गोंधळला. मग म्हणाला, "असं तोंड उघडं बरं दिसत नाही. ओठ मिटवून देऊ का? कॉम्प्युटरवर होतं." मी नको म्हटलं. तसबीर तयार होईपर्यंत तिथून हलले नाही.

घरी आणल्यावर थोरल्या पुतण्यानं ती हातात घेतली. त्याला फोटो आवडला, पण आक्कांनी आत्याबाईंच्या शेजारी बोट दाखवल्यावर त्यानं तो पालथा ठेवला.

"आई, जित्या माणसाचा फोटू तिथं लावत न्हाईत. लोक काय म्हन्तील?"

आक्कांचं तोंड सुजलेलं, शब्द नीट फुटत नव्हते. तरी म्हणाल्या, "मी मेल्यावर तुमी कवा लावणार, कोन्ता लावणार, ते मला कसं दिसल? माझ्या डोळ्यांदेखत लावा."

"कपाटात जपून ठेवतो ना."

"कपाटातला सापडत नसतो."

तो काही ऐकेना. चूक त्याचीही नव्हती. आईची तसबीर त्या भिंतीवर टांगायची, हे कोणत्या मुलाच्या हातून होईल?

बाजेवरून थोरल्या दिरांनी हात पुढे केला. "काय हाय ते? दाखव इकडं." पुतण्यानं तसबीर त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, जवळ घेतली, लांब धरली. खूप वेळ बघत राहिले. मग आक्कांकडे न बघता म्हणाले,

"एवढी वर्षं झाली. हिला अशी हसताना मी बघितलीच न्हवती."

आक्कांनी सवयीनं सुजलेल्या तोंडावर पदर घेतला.

"पदराआड हसायची. हसू ऐकू यायचं, तवा माझे कान चांगले होते," ते म्हणाले. "लाव रे. मला हितून दिसल असा लाव."

पुतण्यानं खिळा ठोकला. तिकडे न बघताच टांगली म्हणून तसबीर जरा तिरकी बसली. अजून तशीच आहे. आक्कांनी तेवढ्यात बजावलं, "हार घालायचा न्हाई हां. मी बसलेली हाय हितं."

तेव्हापासून घरी येणारा नवा माणूस चपला काढतानाच हळहळतो. धर्माबादचे एक पाहुणे दारातच डोळे पुसू लागले आणि आतून आक्काच पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांना या गोष्टीत फार मजा वाटते. तुम्ही रडलात, तेही त्या आता सगळ्यांना सांगतात.

कवळी डबीत असते. जेवताना ती टोचते, म्हणून आक्का भाकरी दुधात कुस्करून खातात. हसू आलं की हात अजून पदराकडे जातो. माझी युक्ती त्या एकाच दिवसापुरती होती. थोरले दीर बाजेची दिशा बदलू देत नाहीत. फोटोची एक प्रत मी तुमच्यासाठी पाठवते आहे. ती कोणत्याही भिंतीवर लावा.

फोटोतले दात आता नाहीत. मोठी आजी आहे, आणि हसते आहे.